गाणे सुटे मिळणार नाही

ॲपल कंपनीचे आयट्यून्स हे गाण्यांचे दुकान २००३ मध्ये इंटरनेटवर उघडले, तेव्हा त्यात पाश्चात्त्य संगीतातली काही सर्वांत मोठी नावे नव्हती. बीटल्स नव्हते, लेड झेपेलिन नव्हते. एसी/डीसी, मेटॅलिका, रेडिओहेड, रेड हॉट चिली पेपर्स आणि गार्थ ब्रुक्स यांचीही गाणी तिथे विकत मिळत नव्हती. फुकटातली चोरीची प्रत मात्र यांतल्या प्रत्येकाच्या गाण्याची मिळत होती. नकारामुळे गाणे इंटरनेटवर यायचे थांबले नव्हते, फक्त पैसे मोजून घेणाऱ्याची अडचण झाली होती. हे दिसत असूनही यातले काही जण तीन वर्षे, काही सात वर्षे, तर काही त्याहूनही अधिक काळ अडून बसले. त्यांनी दिलेली कारणे बहुतेक कलेची होती. करारांचे कागद पाहिले की त्यात पैशाचा आणि हक्काचा भागही दिसतो.

या प्रकरणाची सुरुवात नॅपस्टरपासून झाली. बॉस्टनमध्ये शिकणाऱ्या शॉन फॅनिंग या तरुणाने शॉन पार्करच्या साथीने जून १९९९ मध्ये ही सेवा सुरू केली. सीडीवरचे गाणे एमपीथ्री फाइलमध्ये उतरवायचे आणि जगभरच्या अनोळखी लोकांशी त्याची फुकट देवाणघेवाण करायची, एवढाच तो मामला होता. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नॅपस्टरला कोर्टात खेचले. एप्रिल २००० मध्ये मेटॅलिकाने स्वतःचा वेगळा दावा लावला. या बँडचे एक गाणे अजून पुरे झालेले नसताना रेडिओवर वाजू लागले होते आणि त्याचा माग नॅपस्टरपर्यंत पोहोचला होता. ड्रमर लार्स उलरिक मे महिन्यात नॅपस्टरच्या कचेरीत गेला, तो कागदांचे खोके घेऊनच. त्यांत मेटॅलिकाची गाणी वाटणाऱ्या तीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांची टोपणनावे छापलेली होती. बँडच्या चाहत्यांनाच हे रुचले नाही. कोट्यधीश वादक आपल्याच श्रोत्यांच्या मागे लागले, असा बोभाटा झाला आणि तो शिक्का मेटॅलिकावर बरीच वर्षे राहिला. कोर्टाच्या आदेशांमुळे जुलै २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडले, पण तोवर त्याची भावंडे जन्माला आली होती.

कंपन्यांची खरी कोंडी निराळी होती. एका गाण्याची छोटी तबकडी, म्हणजे सिंगल, विकण्याचा धंदा अमेरिकी कंपन्यांनी १९९० च्या दशकात हळूहळू आवरता घेतला होता. ज्याला एक गाणे हवे त्याने बारा गाण्यांची सीडी घ्यावी, असा सगळा हिशेब बसवलेला होता. एका गाण्यासाठी पंधरा-सोळा डॉलर मोजायला कंटाळलेल्या गिऱ्हाईकाला नॅपस्टरने मोकळी वाट दिली. कंपन्यांनी २००१ च्या अखेरीस प्रेसप्ले आणि म्युझिकनेट ही स्वतःची दुकाने काढली. तिथे महिन्याचे भाडे भरायचे, घेतलेल्या गाण्यांवर नाना बंधने सोसायची आणि सगळ्या कंपन्यांची गाणी एका जागी मिळतील अशीही आशा धरायची नाही. लोक तिकडे फिरकले नाहीत.

या पोकळीत स्टीव्ह जॉब्झ आला. २८ एप्रिल २००३ रोजी उघडलेल्या त्याच्या दुकानात पाचही मोठ्या कंपन्यांची मिळून सुमारे दोन लाख गाणी होती. प्रत्येक गाणे ९९ सेंटांना आणि अल्बम साधारण दहा डॉलरला. पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. कंपन्या राजी झाल्या, याचे एक कारण असे की दुकान सुरुवातीला केवळ मॅक संगणकांपुरते होते आणि मॅक वापरणारे तेव्हा फार थोडे होते. प्रयोग फसला तर नुकसान बेताचेच झाले असते. ऑक्टोबरमध्ये ॲपलने विंडोजसाठीही दार उघडले आणि त्या बेताच्या प्रयोगाची बाजारपेठ झाली. जॉब्झची एक अट मात्र पक्की होती. अगदी लांबलचक रचना वगळल्या तर गाणी सुटी मिळाली पाहिजेत आणि सगळ्यांचा भाव एकच असला पाहिजे. नकाराचे मूळ या अटीत होते.

रेड हॉट चिली पेपर्स आणि मेटॅलिका यांनी पहिल्याच उन्हाळ्यात नकार दिला. अल्बम ही एक सलग रचना आहे, गाण्यांचा क्रम विचारपूर्वक लावलेला असतो, त्यातून हवे ते उचलून न्यायची सोय करून देणे म्हणजे रचना मोडणे, असे या बाजूचे म्हणणे. हे म्हणणे सरसकट ढोंग म्हणून उडवून लावता येत नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रॉक संगीतात अल्बमला खरोखरच तसा दर्जा आला होता. लेड झेपेलिनने तर आपल्या ऐन भराच्या काळात ब्रिटनमध्ये सिंगल काढायलाच नकार दिला होता. त्यांचे 'स्टेअरवे टू हेवन' एवढे गाजले, तरी ते हवे असेल तर अख्खा अल्बम घ्यावा लागे. रॅपर जे-झी याने २००७ मध्ये 'अमेरिकन गँगस्टर' हा अल्बम आयट्यून्सवरून दूर ठेवताना असाच युक्तिवाद केला होता. चित्रपट कोणी एकेका प्रसंगाने विकत नाही, मग हा संग्रह तरी एकेका गाण्याने का विकावा, असा त्याचा सवाल होता.

तरीही बारा गाण्यांऐवजी दोनच विकली गेली तर दहा डॉलरच्या जागी दोन डॉलर येतात, हे गणित प्रत्येक व्यवस्थापकाला तोंडपाठ होते. कलेचा मुद्दा आणि गल्ल्याचा मुद्दा इथे एकाच दिशेला बोट दाखवत होते, त्यामुळे कोणता किती खरा हे बाहेरून सांगणे कठीण आणि बहुधा बँडमधल्या माणसांनाही ते वेगळे काढता आले नसते.

नकार द्यायची मुभा मात्र सगळ्यांना नव्हती. नव्या कलावंताच्या करारात गाणे कुठे, कसे आणि कोणत्या भावाने विकायचे हे कंपनी ठरवत असे. ज्यांनी आपल्या उमेदीच्या काळात भक्कम करार करून घेतले होते, किंवा ज्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी त्यांच्याकडेच होती, तेच अडून बसू शकले. शिवाय त्यांच्या जुन्या सीडी दर वर्षी लाखांनी खपतच होत्या, घाई कसलीच नव्हती. आयट्यून्सला नाही म्हणणाऱ्यांची यादी पाहिली तर त्यात चाचपडणारा नवखा बँड जवळपास दिसत नाही, तो या कारणाने.

पिंक फ्लॉइडचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. त्यांची गाणी दुकानात होती, पण ती सुटी विकायचा अधिकार ईएमआय कंपनीला आहे का, यावर वाद झाला. १९९० च्या दशकाच्या शेवटी झालेल्या करारात अल्बमची अखंडता जपण्याचे कलम होते. ते फक्त तबकड्यांना लागू होते, डाउनलोडला नाही, असे कंपनी म्हणत होती. मार्च २०१० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने बँडच्या बाजूने कौल दिला. दुसऱ्या वर्षी जानेवारीत बँडने कंपनीशी नवा करार केला आणि त्यात सुट्या विक्रीला परवानगी दिली. म्हणजे ज्या हक्कासाठी ते कोर्टात लढले, तो जिंकून झाल्यावर त्यांनी तो वाटाघाटीत वापरला.

पैशाचा दुसरा वाद याहून किचकट, पण अधिक खोल होता. ९९ सेंटांतले सुमारे तीस सेंट ॲपल ठेवून घेई आणि उरलेले रेकॉर्ड कंपनीकडे जात. त्यातून कलावंताला किती द्यायचे, हे ठरत होते ते तबकड्यांच्या काळातल्या करारांवरून. त्या करारांत वेष्टनाचा खर्च, वाहतुकीत फुटणाऱ्या मालाची तूट अशा वजावटी असत. फाइलला ना वेष्टन, ना ती वाटेत फुटते, तरी काही कंपन्या वजावट करतच राहिल्या. ऑलमन ब्रदर्स आणि चीप ट्रिक या बँडनी २००६ मध्ये सोनीविरुद्ध न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला. कंपनीला एका गाण्यामागे सत्तर सेंटांच्या आसपास मिळतात आणि आमच्या हातावर साडेचार सेंट पडतात, अशी त्यांची तक्रार होती. डाउनलोड ही विक्री नसून परवाना आहे, आणि परवान्याच्या उत्पन्नात करारानुसार निम्मा वाटा आमचा, असा त्यांचा दावा. एमिनेमच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत हिस्सा असलेल्या एफबीटी या निर्मात्यांनी हाच मुद्दा युनिव्हर्सलच्या एका शाखेविरुद्ध लावून धरला आणि सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या नवव्या विभागीय अपील न्यायालयाने तो मान्य केला. निकाल त्या एका कराराच्या शब्दांपुरता होता, तरी जुन्या कलावंतांच्या वकिलांना हत्यार मिळाले. डेफ लेपर्डने तर युनिव्हर्सलशी पटेना म्हणून २०१२ मध्ये आपलीच गाजलेली गाणी स्टुडिओत पुन्हा हुबेहूब वाजवून घेतली आणि त्या नव्या प्रती डाउनलोडला ठेवल्या.

बीटल्सची गोष्ट या सगळ्यांहून वेगळी, कारण तिथे भांडण दुकानदाराच्या नावावरून होते. बँडने १९६८ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचे नाव ॲपल कोअर, आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या संगणक कंपनीचे नावही ॲपल. पहिला वाद १९८१ मध्ये ८० हजार डॉलरवर मिटला. संगणकवाल्यांनी संगीताच्या धंद्यात यायचे नाही, असे ठरले. पुढे संगणकातून सूर वाजू लागले तेव्हा दुसरा वाद झाला आणि १९९१ मध्ये ॲपलला २ कोटी ६५ लाख डॉलर मोजावे लागले. या दुसऱ्या करारात बारीक विभागणी होती. संगीत वाजवणारी, पाठवणारी यंत्रणा आणि सेवा ॲपलच्या नावाने चालतील, पण मुद्रित संगीत असलेली तबकडी किंवा कॅसेट त्या नावाने विकता येणार नाही. गाण्याची फाइल विकणारे दुकान या विभागणीत कुठे बसवायचे, हे १९९१ मध्ये कोणाच्या डोक्यातच आले नव्हते.

ॲपल कोअरने २००३ मध्ये तिसऱ्यांदा कोर्ट गाठले. खटला लंडनमध्ये न्यायमूर्ती मान यांच्यापुढे आला. आपल्याकडे ॲपलचे आयपॉड हे गाणी ऐकायचे यंत्र आहे, याची न्यायमूर्तींनी आधीच दोन्ही पक्षांना कल्पना देऊन ठेवली होती. मार्च २००६ च्या सुनावणीत बीटल्सच्या वकिलांनी आयट्यून्सचे दुकान कसे चालते हे दाखवण्यासाठी शीक या बँडचे 'ल फ्रीक' हे डिस्को गाणे वाजवले आणि लंडनच्या त्या गंभीर दालनात सत्तरीच्या दशकातला नाचाचा ठेका घुमला. मे महिन्यात निकाल ॲपलच्या बाजूने लागला. ॲपलचे चिन्ह दुकानाला, म्हणजे फाइल पोहोचवणाऱ्या सेवेला जोडलेले आहे, संगीताला नव्हे, असे न्यायालयाने मानले. फेब्रुवारी २००७ मध्ये दोन्ही पक्षांनी कायमची तडजोड केली. नावाचे सगळे हक्क संगणक कंपनीकडे गेले आणि तिने ते बीटल्सच्या कंपनीला वापरायला दिले.

तरीही गाणी आली नाहीत. नील ॲस्पिनॉल हे ॲपल कोअरचे अनेक दशकांचे कारभारी, बीटल्सची गाडी हाकण्यापासून ज्यांनी सुरुवात केली ते. संपूर्ण संग्रहाचे ध्वनिसंस्करण नव्याने होत असून ते पुरे होण्याआधी डाउनलोडला देणे योग्य नाही, असे त्यांनी याच खटल्यात सांगितले होते. ते काम २००९ च्या सप्टेंबरात सीडीच्या रूपाने बाहेर पडले. त्याच वर्षी डिसेंबरात सगळी गाणी भरलेला सफरचंदाच्या आकाराचा यूएसबी ड्राइव्ह निघाला, तोही तीस हजार नगांपुरता. बीटल्स डिजिटल झाले खरे, पण वस्तू म्हणूनच.

दरम्यान बाकीच्यांची तटबंदी ढासळत होती. मॅडोना सप्टेंबर २००५ मध्ये आयट्यून्सवर आली. रेड हॉट चिली पेपर्स २००६ च्या वसंतात नव्या अल्बमच्या निमित्ताने आले आणि जुलैमध्ये मेटॅलिकाही. लेड झेपेलिनचा संग्रह १३ नोव्हेंबर २००७ रोजी उपलब्ध झाला, लंडनच्या त्यांच्या बहुचर्चित पुनर्मीलनाच्या मैफलीच्या महिनाभर आधी. सुटे मिळू लागताच 'स्टेअरवे टू हेवन' ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत झळकले. रेडिओहेडने ऑक्टोबर २००७ मध्ये 'इन रेनबोज' हा अल्बम स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला आणि किंमत ऐकणाऱ्यावर सोपवली. शून्य दिले तरी चालत होते. सुट्या गाण्याला विरोध असलेल्या या बँडचा जुना संग्रह २००८ च्या जूनमध्ये आयट्यून्सवर आला, तो सुट्या गाण्यांसकट.

किड रॉकचा अनुभव नकाराच्या दोन्ही बाजू दाखवतो. त्याचे 'ऑल समर लाँग' हे गाणे २००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेभर रेडिओवर वाजत होते, पण आयट्यून्सवर नव्हते. शोधणाऱ्याला तिथे हिट मास्टर्स नावाच्या मंडळींनी केलेली नक्कल मिळे. लोकांनी ती इतकी विकत घेतली की बिलबोर्डच्या यादीत नक्कल अस्सलच्या वर गेली. ॲपलकडून त्या नकलेचे पैसे मिळाले ते नक्कल करणाऱ्यांना. मात्र मूळ गाणे सुटे मिळत नसल्यामुळे किड रॉकचा अल्बम दुकानांतून जोरात खपला आणि सीडीची विक्री सगळीकडे घसरत असताना त्याची वाढत गेली. त्याच्या कंपनीला, अटलांटिकला, हे गणित आवडले. तिने ब्रिटिश गायिका एस्टेल हिचे 'अमेरिकन बॉय' हे चढतीवर असलेले गाणे आयट्यून्सवरून काढून घेतले. ते यादीत धाडकन खाली आले, इथेही नकला वर चढल्या आणि काही आठवड्यांतच कंपनीने गाणे परत ठेवले. किड रॉकचा चाहता सीडी घ्यायला मोटारीतून दुकानात जात होता. एस्टेलचा श्रोता संगणकापुढून उठणार नव्हता.

एसी/डीसीने वॉलमार्टचा हात धरला. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांचा 'ब्लॅक आइस' अमेरिकेत फक्त त्या साखळीच्या दुकानांत मिळत होता आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या ७ लाख ८० हजारांहून अधिक प्रती गेल्या. त्याच वर्षी आयट्यून्स वॉलमार्टला मागे टाकून अमेरिकेतला सर्वांत मोठा संगीतविक्रेता झाले होते. हरलेल्या दुकानातून एवढा माल हलवणे त्या वेळी फार थोड्यांना जमले असते. गार्थ ब्रुक्सने २००५ पासूनच वॉलमार्टशी असे नाते जोडलेले होते.

२००९ मध्ये ॲपलने एकच भाव सोडून ६९ सेंट, ९९ सेंट आणि १ डॉलर २९ सेंट अशा तीन पायऱ्या केल्या आणि फाइलची नक्कल रोखणारी कुलुपे काढली. पुढच्या वर्षी, १६ नोव्हेंबर २०१० रोजी, बीटल्स आले. पहिल्या आठवड्यात त्यांची वीस लाख गाणी आणि साडेचार लाख अल्बम विकले गेले. साडेसात वर्षे थांबल्याने मागणी विझली नव्हती. एसी/डीसी नोव्हेंबर २०१२ मध्ये आले आणि मोठ्या नावांच्या नकाराचे पर्व जवळजवळ संपले.

भारतात हे नाट्य पोहोचले तेव्हा शेवटचा अंक चालू होता. इथले आयट्यून्सचे दुकान डिसेंबर २०१२ मध्ये उघडले, म्हणजे बीटल्स आणि एसी/डीसी आधीच आत होते. फ्लिपकार्टने त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू केलेले 'फ्लाइट' हे एमपीथ्रीचे दुकान तर २०१३ च्या जूनमध्ये बंदही झाले. मुंबईतल्या चित्रपट संगीताच्या धंद्यात गाण्याची मालकी बहुधा कंपनीकडे असते. गायक किंवा संगीतकाराने अख्खा संग्रह अडवून धरावा, ही स्थिती इथे सहसा येतच नव्हती.

अमेरिकेतही २०१३ मध्ये डाउनलोडची विक्री पहिल्यांदा वर्षभरात घटली. स्पॉटिफायसारख्या स्ट्रीमिंग सेवांनी गिऱ्हाईक ओढायला सुरुवात केली होती आणि नकाराचे मैदान तिकडे सरकले. ज्या मेटॅलिकाने नॅपस्टरवर खटला भरला, तिचा लार्स उलरिक डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्यासपीठावर नॅपस्टरच्याच शॉन पार्करच्या शेजारी उभा राहिला आणि आपला संग्रह स्पॉटिफायवर येत असल्याचे जाहीर केले. पार्कर आता स्पॉटिफायमधला गुंतवणूकदार होता. टेलर स्विफ्टने नोव्हेंबर २०१४ मध्ये आपली गाणी स्पॉटिफायवरून काढली आणि २०१७ च्या जूनपर्यंत परत ठेवली नाहीत. मधल्या काळात, जून २०१५ मध्ये, तिने ॲपलला जाहीर पत्र लिहिले. आपल्या नव्या स्ट्रीमिंग सेवेच्या पहिल्या तीन फुकट महिन्यांचे पैसे कलावंतांना न देण्याचा ॲपलचा बेत होता. पत्र प्रसिद्ध झाल्यावर एका दिवसात तो बदलला. अल्बम अखंड ठेवण्याचा मुद्दा या वादांत मागे पडला होता. दर किती आणि फुकट ऐकणाऱ्याचे पैसे कोण भरणार, एवढाच प्रश्न राहिला.

बीटल्स २४ डिसेंबर २०१५ रोजी एकदम नऊ स्ट्रीमिंग सेवांवर उपलब्ध झाले. टूल हा अमेरिकी बँड सर्वांत चिवट निघालेल्यांपैकी एक. त्यांचे अल्बम ऑगस्ट २०१९ मध्ये नव्या अल्बमच्या तोंडावर डाउनलोड आणि स्ट्रीमिंगला आले, तोवर ॲपलनेच मॅकवरचे आयट्यून्स मोडीत काढायचे जाहीर केले होते. गार्थ ब्रुक्स आयट्यून्सवर कधीच आला नाही. त्याने सप्टेंबर २०१४ मध्ये घोस्टट्यून्स नावाचे दुकान काढण्यात पुढाकार घेतला. अल्बम सुटा करायचा की नाही आणि भाव काय ठेवायचा, हे तिथे कलावंत ठरवू शकत होता. २०१६ मध्ये ब्रुक्सने आपली गाणी ॲमेझॉनच्या सेवेला दिली आणि पुढच्या वर्षी घोस्टट्यून्सही तिच्यात विलीन झाले.